महामार्गाचे रात्रकाम आणि गावाची झोप

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून विभक्त होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेला असल्याने दोन्ही विभागांना जोडणारी वाहतूक येथूनच होते. अकोला, वाशीम, हिंगोली, कळमनुरी असा येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ ला मिळतो. हा दुसरा मार्ग तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ आणि वर्धा यांना जोडीत नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत जातो. अशा जिल्ह्यात रस्त्यांचे रुंदीकरण, वळणरस्ते, उड्डाणपूल आणि लोहमार्गावरील पूल यांची कामे ही नैमित्तिक बाब राहिलेली नसून ती कारभाराचा नित्याचा भाग झाली आहेत.

दोन मोठे मार्ग एकमेकांना न अडवता, एक वरून व एक खालून नेऊन वळणमार्गांनी जोडण्याच्या रचनेस इंटरचेंज म्हणतात. धरणाचे किंवा इमारतीचे बांधकाम मोकळ्या जागेवर होते. इंटरचेंज मात्र बहुधा चालू रस्त्यावरच बांधावा लागतो. खालून वाहने धावत असताना वर तुळया चढवावयाच्या, जुना पूल पाडावयाचा, वाहतूक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस वळवावयाची, ही कामे दिवसा करणे अनेकदा अशक्य असते. म्हणून ती रात्री केली जातात, आणि रात्री केली की शेजारच्या वस्तीची झोप मोडते. या दोन गरजांचा मेळ कसा घालावा, त्यासाठी परवानगी कोणी, कोणाकडे व कशी मागावी आणि ती देणाऱ्याने काय पाहावे, याचा विचार अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एकत्रितपणे करणे आवश्यक आहे.

रात्रीची निकड : खरी आणि सोयीची

रात्रकामाच्या प्रत्येक मागणीमागे सारखेच कारण नसते. काही कामे स्वभावतःच रात्रीची असतात. धावत्या महामार्गावर तुळई चढवताना खालची वाहतूक पूर्णपणे थांबवावी लागते, आणि ती थांबविण्यास मध्यरात्रीनंतरचे दोन-चार तासच योग्य असतात. लोहमार्गावरील पुलाचे काम रेल्वेने गाड्या थांबवून दिलेल्या ठरावीक वेळेतच उरकावे लागते. पूर्णा–अकोला लोहमार्ग हिंगोली शहरावरून जात असल्याने या जिल्ह्यास ही बाब अपरिचित नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात काँक्रीट दुपारी ओतल्यास त्यातील पाणी वेगाने उडून जाते व पृष्ठभागाला भेगा पडतात. त्यामुळे मोठे काँक्रीटकाम संध्याकाळनंतर हाती घेणे हेही अभियांत्रिकीच्या दृष्टीने समर्थनीय ठरते.

याउलट, ज्यांचा रात्रीशी अंगभूत संबंध नाही अशीही अनेक कामे रात्री चालताना दिसतात. खडी उतरविणे, लोखंडी सळया कापणे, जुने काँक्रीट ब्रेकरने फोडणे, भराव दाबणे, डंपरच्या खेपा करणे ही कामे दिवसा होऊ शकतात. मुदत संपत आली, यंत्र भाड्याचे आहे, किंवा दिवसा मजूर अन्यत्र गुंतले आहेत, ही कंत्राटदाराची अडचण असू शकते, पण ती वस्तीची झोप घेण्यास पुरेसे कारण नव्हे. परवानगीचा अर्ज तपासणाऱ्याने पहिली रेषा येथेच ओढावयास हवी.

पुण्यातील चांदणी चौकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबई–बेंगळूरु महामार्गावर मुळशी, पौड व राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी या बाजूंचे रस्ते जेथे एकत्र येतात तेथे बहुस्तरीय इंटरचेंज बांधताना मधला जुना पूल काढणे भाग होते. २ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे एकच्या सुमारास नियंत्रित स्फोटाने तो पाडण्यात आला. त्यापूर्वी वाहतूक बंद करून ती अन्य मार्गांनी वळविण्यात आली, भोवतालचा परिसर रिकामा करण्यात आला आणि वेळ आगाऊ जाहीर करण्यात आली. स्फोटानंतर उरलेला सांगाडा मात्र यंत्रांनी उतरवावा लागला. पुढे १२ ऑगस्ट २०२३ रोजी या इंटरचेंजचे उद्घाटन झाले. एका रात्रीचा मोठा आवाज लोकांनी सहन केला, कारण तो कशासाठी, केव्हा व किती वेळ होणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. तितकाच आवाज तीस रात्री, न सांगता, थोडाथोडा झाला असता तर लोकांचा प्रतिसाद निराळा झाला असता.

कायद्याची चौकट

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केंद्र शासनाने १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अधिसूचित केले. या नियमांनी परिसराचे चार वर्ग पाडले असून प्रत्येकासाठी दिवसाची व रात्रीची सरासरी ध्वनिमर्यादा निश्चित केली आहे. औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५, निवासी क्षेत्रासाठी ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल अशा या मर्यादा आहेत. रात्र म्हणजे रात्री १० पासून सकाळी ६ पर्यंतचा काळ होय.

बांधकामाच्या दृष्टीने निर्णायक बदल ११ जानेवारी २०१० च्या सुधारणेने झाला. त्या वेळी समाविष्ट केलेल्या नियम ५-अ नुसार आवाज करणारी बांधकाम यंत्रे निवासी क्षेत्रात व शांतता क्षेत्रात रात्रीच्या वेळी वापरण्यास मनाई आहे. ही मनाई डेसिबलवर अवलंबून नाही. यंत्र आवाज करणारे आहे, जागा निवासी आहे आणि वेळ रात्रीची आहे, एवढे पुरेसे आहे. सण-उत्सवांसाठी ध्वनिक्षेपकांना वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देण्याचा जो अधिकार राज्य शासनास आहे, तो केवळ ध्वनिक्षेपक व ध्वनिवर्धक साधनांपुरता आहे. बांधकाम यंत्रांना तो लागू होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत अनेक ठिकाणी होते, म्हणून ती येथे स्पष्ट केली आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वस्तीला लागून रात्री ब्रेकर किंवा पाइल ठोकण्याचे यंत्र चालविण्याची परवानगी कोणत्याही कचेरीतून साध्या अर्जावर मिळते, ही समजूत बरोबर नाही. नियोजनाचा पहिला प्रयत्न असाच असावयास हवा की वस्तीजवळची गोंगाटाची कामे रात्री १० पूर्वी संपतील. जेथे इंटरचेंज गावापासून दूर, शेतजमिनीत आहे तेथे प्रश्न निराळा असतो. त्या ठिकाणी रात्रकामास सरसकट मनाई नसली तरी आवाज जवळच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचतो, आणि म्हणून नियंत्रण आवश्यक ठरते.

हे नियंत्रण करणारा ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला नियुक्त अधिकारी होय. पोलीस ठाण्याच्या अहवालावरून किंवा अन्य माहितीवरून आवाजाने लोकांना त्रास होतो अशी खात्री झाल्यास तो आवाज थांबविण्याचा वा त्यावर अटी घालण्याचा लेखी आदेश नियम ८ अन्वये काढता येतो. असा आदेश बदलून मिळावा म्हणून बाधित व्यक्तीस अर्ज करता येतो. अर्ज नाकारताना तिचे म्हणणे ऐकून कारणे लिहून ठेवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ मध्येही याच स्वरूपाचे अधिकार आहेत. वाहतूक बंद करणे किंवा वळविणे यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खालील आदेश स्वतंत्रपणे लागतो. वाहतूक वळविण्याचा आदेश हाती पडला म्हणजे आवाजाची परवानगीही मिळाली, असे मात्र समजता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ध्वनिप्रदूषणापासून मुक्त जीवन हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. पर्यावरण अधिनियमाच्या शास्तीच्या तरतुदीतही बदल झाला असून १ एप्रिल २०२४ पासून उल्लंघनाबद्दल १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडात्मक शास्ती होऊ शकते.

मुंबईतील एक धडा

कुलाबा ते सीप्झ या सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोच्या कामात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. दक्षिण मुंबईतील रहिवाशांच्या तक्रारीवरून २०१७ साली न्यायालयाने कफ परेड परिसरातील काम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत करण्यास मनाई केली. तिसऱ्या मार्गाचे लोकोपयोगी स्वरूप कोणी नाकारीत नव्हते. प्रश्न होता तो रात्रीमागून रात्र चालणाऱ्या यंत्रांच्या आवाजाचा. सुमारे वर्षभरानंतर, २०१८ मध्ये, दोन्ही बाजू व तांत्रिक बाबी विचारात घेऊन न्यायालयाने रात्रीच्या कामास मुभा दिली.

या प्रकरणातून प्रशासनाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. लोकहिताचा प्रकल्प आहे एवढ्यावरून रात्रीचा आवाज आपोआप वैध ठरत नाही, आणि रात्रीचा आवाज आहे एवढ्यावरून लोकहिताचे काम कायमचे थांबत नाही. मधल्या वर्षभरात रात्रकामाचे तास मात्र गेले. जे मोजमाप, ज्या उपाययोजना आणि जो संवाद शेवटी करावाच लागतो, तो प्रारंभीच केला असता तर हा काळ वाचतो. राजधानीतील रहिवाशांना उच्च न्यायालय जवळ असते. कळमनुरी वा सेनगाव तालुक्यातील ग्रामस्थाला ते दूर असते. म्हणून ग्रामीण भागात ही जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर व तो तपासणाऱ्यावर अधिक प्रमाणात येते.

आवाजाचे अंकगणित

परवानगीचा विचार अंदाजाने होऊ नये यासाठी आवाजाचे काही साधे नियम ध्यानात ठेवावेत. डेसिबल हे माप बेरजेचे नाही. आवाज १० डेसिबलने वाढला की त्यातील ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. सारखा आवाज करणारी दोन यंत्रे एकत्र चालली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की एका यंत्राचा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो.

पोकलेनवर बसविलेल्या ब्रेकरचा आवाज १५ मीटर अंतरावर सुमारे ९० डेसिबल असतो. वरील हिशेबाने तो ३० मीटरवर ८४, ६० मीटरवर ७८, १२० मीटरवर ७२, २४० मीटरवर ६६ आणि ४८० मीटरवर ६० डेसिबल उरतो. म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवरील घरापाशीही तो रात्रीच्या निवासी मर्यादेपेक्षा १५ डेसिबलने अधिक आहे. ‘काम गावाबाहेर आहे’ हे उत्तर किती अपुरे आहे, ते यावरून कळेल.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहावी. यंत्र आणि वस्ती यांच्यामध्ये पुरेशा उंचीचा भरीव आडोसा उभा केला, आणि यंत्राकडून घराकडे सरळ दृष्टी पोहोचत नाही इतका तो उंच असला, तर आवाज सुमारे १० डेसिबलने खाली येऊ शकतो. मर्यादा सरासरीच्या असल्याने आठ तासांच्या रात्रीत यंत्र एकच तास चालले तर रात्रीची सरासरी आणखी ९ डेसिबलने उतरते. अर्ध्या किलोमीटरवरील ६० डेसिबलचा आकडा अशा रीतीने ४१ पर्यंत, म्हणजे मर्यादेच्या आत येतो. अंतर, आडोसा आणि अवधी या तिन्हींचा एकत्र उपयोग केला तरच हे साधते. तथापि सरासरी मर्यादेत आली म्हणून त्या एका तासात आवाज ५० डेसिबलच राहतो, आणि झोप मोडण्यास तो पुरेसा असू शकतो, हे विसरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्रीच्या घराबाहेरील सरासरी आवाजासाठी ४० डेसिबलची शिफारस केली, ती याच आरोग्यविषयक विचारातून.

रात्रीच्या आवाजाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. निरभ्र व वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा उबदार राहते. त्यामुळे वर गेलेला आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो आणि दिवसाच्या तुलनेत दूरवर पोहोचतो. हिवाळ्यात पलीकडच्या गावातील भजन स्पष्ट ऐकू येते, त्याचे कारण हेच. यास्तव दिवसा घेतलेल्या मोजमापावरून रात्रीचा अंदाज करणे धोक्याचे आहे.

ऐकणारे कोण?

शहरी मोजपट्ट्यांनी ग्रामीण रात्र मोजता येत नाही. भिंती व बंद खिडक्या आवाजाचा मोठा भाग अडवितात, परंतु चैत्र-वैशाखात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे अंगणात, ओट्यावर किंवा माळवदावर निजतात. त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये भिंत नसते. हळदीच्या हंगामात, विशेषतः वसमत व हिंगोली परिसरात, शिजविणे व वाळविणे यासाठी शेतकरी शेतातच मुक्काम करतात. पिकांना पाणी देण्यासाठी वीज रात्रीची मिळाली की शेतकरी रात्रभर जागतो आणि पहाटे थोडा डोळा लावतो. फेब्रुवारी व मार्च महिन्यांत बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, आणि लहान घरातील विद्यार्थ्याला अभ्यासासाठी रात्रीचाच निवांतपणा मिळतो. ग्रामीण रुग्णालयातील प्रसूत स्त्री, वृद्ध आणि तान्ही मुले यांचा विचार तर स्वतंत्रपणे करावा लागतो. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, ही तरतूद याच हेतूने केलेली आहे.

हिंगोली जिल्ह्यात आणखी एक श्रोता येऊ घातला आहे, आणि त्याचे कान मानवी कानांहून कितीतरी तीक्ष्ण आहेत. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतील अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा फरक पडला तर तो टिपण्याची क्षमता अशा वेधशाळेत असते. त्यासाठी जमिनीची शांतता ही पहिली अट असते. अमेरिकेतील लिव्हिंगस्टन येथील अशाच वेधशाळेला प्रारंभीच्या काळात जवळच्या जंगलातील वृक्षतोडीच्या कंपनांमुळे दिवसा निरीक्षण करणे कठीण जात असे. कंपने शोषून घेणारी विशेष यंत्रणा बसविल्यानंतर ही अडचण दूर झाली. या जिल्ह्याची शांतता ही निरुपयोगी पोकळी नसून जपण्याजोगी संपत्ती आहे, याची जाणीव रस्त्यांचे नियोजन करणाऱ्यांनी ठेवणे इष्ट होय.

अर्ज कसा असावा

चांगला अर्ज म्हणजे छापील नमुन्यात भरलेली तारीख नव्हे. जे लोक त्या रात्री झोपणार आहेत त्यांच्यापुढे मांडलेला तो हिशेब असतो. अशा अर्जात पुढील बाबींचा समावेश असावा :

१. कामाचे नेमके वर्णन, आणि ते दिवसा का करता येत नाही याचे कारण. ‘मुदतीत काम पूर्ण करण्यासाठी’ हे कारण पुरेसे मानू नये.

२. रात्रींच्या तारखा, प्रत्येक रात्रीचे तास आणि पावसामुळे वा यंत्र बिघडल्यामुळे काम लांबल्यास राखीव ठेवलेल्या रात्री. ‘पुढील आदेशापर्यंत’ अशी मागणी नसावी.

३. वापरावयाच्या यंत्रांची यादी, त्यांचा अपेक्षित आवाज आणि कोणते यंत्र कोणत्या तासात चालेल याचे वेळापत्रक.

४. कामाच्या जागेपासून ५०० मीटरपर्यंतची व मोकळ्या माळावर त्याहूनही दूरची घरे, वस्त्या, शाळा, वसतिगृहे, रुग्णालये यांचा नकाशा व अंतरे.

५. काम सुरू होण्यापूर्वी रात्री घेतलेले आवाजाचे मोजमाप, जेणेकरून पुढील वाढ किती ते समजू शकेल.

६. आवाज कमी करण्याचे उपाय : तात्पुरता आडोसा, ठोकून बसविण्याच्या पाइलऐवजी छिद्र पाडून ओतण्याच्या पाइल, आवरणबंद जनरेटर, डंपरच्या खेपांचा वस्तीबाहेरचा मार्ग. २००५ पासून तयार झालेल्या १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज त्याच्या आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असला पाहिजे, असा दंडक आहेच.

७. रात्रभर जागेवर उपस्थित राहणाऱ्या जबाबदार अभियंत्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक.

असा अर्ज कामाच्या किमान तीन-चार आठवडे अगोदर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे यावा आणि त्याची प्रत पोलीस ठाणे, तहसील कार्यालय व संबंधित ग्रामपंचायतींना मिळावी, ही रीत हितावह ठरेल. ब्रिटनमध्ये १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्यातील कलम ६१ नुसार कंत्राटदारास काम सुरू होण्याआधीच स्थानिक प्राधिकरणाची संमती मागता येते आणि प्राधिकरणाने २८ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात खुद्द शासनाचा महामार्ग विभागही रात्रीच्या कामासाठी संबंधित शहराकडे ध्वनिमर्यादेतून सवलत मागतो. रहिवाशांना आगाऊ सूचना देणे आणि तक्रारीसाठी रात्रंदिवस दूरध्वनी चालू ठेवणे अशा अटी त्यास घातल्या जातात. शासकीय काम आहे म्हणून शासनास विचारावे लागत नाही, ही भूमिका तेथे घेतली जात नाही.

परवानगी देणाऱ्याची कसोटी

अर्ज हाती आल्यावर तपासणाऱ्याने चार प्रश्न क्रमाने विचारावेत. हे काम दिवसा होऊ शकते काय? रात्रीच व्हावयाचे तर १० पूर्वी त्यातील गोंगाटाचा भाग उरकता येईल काय? नंतर उरणाऱ्या भागासाठी कमी आवाजाचे दुसरे तंत्र आहे काय? आणि जे शेवटी टाळता येत नाही ते किती थोड्या रात्रींत संपेल? या प्रश्नांची उत्तरे आदेशात लेखी नमूद झाली तर तो आदेश पुढे कोणत्याही छाननीस तोंड देऊ शकतो.

अटी घालताना त्या पाळता येतील आणि तपासता येतील अशाच असाव्यात. ‘कमीत कमी आवाज करावा’ ही अट तपासता येत नाही. ‘ब्रेकर रात्री १० नंतर बंद राहील, तुळई चढविण्याचे काम १२ ते ४ या वेळेतच होईल, सलग दोन रात्रींनंतर एक रात्र काम बंद राहील’ ही अट गावातील कोणीही तपासू शकतो. ट्रक मागे घेतानाचे भोंगे ही रात्रकामातील सर्वांत त्रासदायक बाब ठरते. भोंगा काढून टाकणे कामगारांच्या जिवाशी खेळण्यासारखे असल्याने वाहनांना मागे यावेच लागू नये अशी गोलाकार ये-जा आखणे, हा त्यावरचा योग्य उपाय आहे.

येथे कामगारांच्या सुरक्षिततेचा उल्लेख अपरिहार्य आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम रात्री चालू असताना तुळया चढविणारे अवजड यंत्र कोसळून २० जणांना प्राण गमवावे लागले. रात्रकामाच्या परवानगीत प्रकाशयोजना, कामगारांच्या पाळ्या, विश्रांती आणि रुग्णवाहिका यांचा विचार आवाजाइतकाच काटेकोरपणे झाला पाहिजे. गावाची झोप आणि कामगाराचा जीव या दोन्हींचे रक्षण एकाच आदेशाने व्हावयाचे असते. घाईने केलेल्या रात्रकामात दोन्ही धोक्यात येतात.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

आदेश जिल्ह्याच्या ठिकाणी निघतो, पण त्याचे यशापयश गावात ठरते. ग्रामपंचायतीने रात्रकामाच्या तारखा सूचनाफलकावर लावाव्यात, दवंडी द्यावी आणि दूरच्या वस्त्यांना व शेतात मुक्कामास असणाऱ्यांना निरोप पोहोचेल असे पाहावे. गावातील यात्रा, लग्नतिथी, आजारी व्यक्ती आणि हळद शिजविण्याचे दिवस यांची माहिती अभियंत्याला नसते. ती पंचायतीने अगोदर कळविली तर तारखा मागेपुढे करता येतात. ग्रामसभेत कंत्राटदाराच्या प्रतिनिधीस बोलावून कामाचा नकाशा समजावून घेणे हा अत्यंत उपयुक्त मार्ग आहे. मुख्याध्यापकांनी परीक्षांच्या तारखा लेखी कळवाव्यात. विज्ञानाच्या शिक्षकांना तर अंतर व आवाज यांचा संबंध विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष मोजून दाखविण्याची ही चालून आलेली संधी होय.

अटी मोडल्यास तक्रार कशी करावी हेही गावास माहीत असावे. ध्वनिपातळी ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक असेल किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला असेल, तर नियम ७ अन्वये कोणासही प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तत्काळ मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. तक्रार करताना तारीख, वेळ, यंत्राचे वर्णन आणि अंदाजे अंतर लिहून ठेवल्यास चौकशी सुलभ होते. मात्र दूरध्वनीवर झालेल्या प्रत्येक तक्रारीची नोंद कामाच्या जागी ठेवण्याची व दुसऱ्या दिवशी ती पंचायतीस दाखविण्याची अट आदेशातच असेल, तर बहुतेक प्रकरणे पोलीस ठाण्यापर्यंत जाणारच नाहीत.

महामार्ग शेकडो किलोमीटरवरील प्रवाशांसाठी बांधला जातो, पण तो बांधताना होणारा त्रास मूठभर गावांच्या वाट्यास येतो. त्या गावांकडून सहकार्य अपेक्षिताना त्यांना आधी सांगणे, कारण देणे, कमीत कमी रात्री घेणे आणि दिलेला शब्द पाळणे हे शासनाचे व कंत्राटदाराचे कर्तव्य ठरते. रात्रकामाची परवानगी ही काम सुरू करण्यापूर्वीची एक औपचारिकता मानली गेली, तर ती तक्रारीला आमंत्रण देते. ती गावाशी केलेला करार मानली गेली, तर तुळई चढली त्या रात्रीचा जागर गाव समजून घेईल, आणि त्याच मार्गावरून पहिली गाडी जाईल तेव्हा रस्ता आपलाही आहे असे त्या गावास वाटेल.